चॅनेलला इंट्रो हवा का? आधी बघणारा कुठे उभा आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. द्राक्षशेतीवरचं मराठी यूट्यूब चॅनेल, चाळीसेक व्हिडिओ झालेले. प्रत्येक व्हिडिओ १५ सेकंदांच्या इंट्रोने सुरू होतो: ट्रॅक्टर येतो, माती उडते, त्या मातीतून चॅनेलचं नाव उभं राहतं, मागे ढोल-ताशा. पैसे मोजून करून घेतलेला आहे. पुतण्या म्हणतो काढून टाका, लोक थांबत नाहीत. तुमचं म्हणणं असं की तो काढला तर चॅनेलची ओळखच जाईल. मग ठेवायचा की काढायचा?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. सुरुवातीचा १५ सेकंदांचा इंट्रो काढा. ओळख मात्र ठेवा, पण ती दोन-तीन सेकंदांत बसवा आणि पहिल्या वाक्यानंतर आणा. पुतण्याचं बरोबर आहे, आणि तुमची काळजीही खोटी नाही. मी बारा वर्षं मराठी चॅनेलांचं एडिटिंग करतो. रेसिपी, गडकिल्ले, स्पर्धा परीक्षांचे क्लास, शेती, कीर्तन, सगळं हाताखालून गेलंय, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक चॅनेलवाल्याने मला विचारलाय.

इंट्रो ही गोष्ट मुळात आली कुठून ते बघू, म्हणजे ती कुठे लागते आणि कुठे नाही हे आपोआप कळेल. आकाशवाणीची धून आठवा. १९३६ साली वॉल्टर कॉफमन यांनी शिवरंजनी रागाच्या आधाराने बांधलेली. प्रक्षेपण सुरू होण्याआधी ती वाजायची आणि तेवढ्या वेळात घरातलं कुणीतरी रेडिओचा काटा बरोबर जागेवर आणून ठेवायचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे मालिका आल्या, शीर्षकगीतं आली. शीर्षकगीताचे सूर कानावर पडले की बाहेरच्या खोलीतून ‘लागलं गं!’ अशी हाक जायची आणि आजी पदराला हात पुसत येऊन बसायची. गाणं संपेपर्यंत गॅस बारीक झालेला असायचा, पोरं जागेवर बसलेली असायची. नाटकाची तिसरी घंटा घ्या, तमाशातला गण घ्या, कीर्तनातलं नमन घ्या. त्यांना त्यांचे स्वतःचे अर्थ आहेत, भक्ती आहे, परंपरा आहे. पण त्यासोबत एक काम सगळीकडे सारखं होतं: पांगलेली माणसं गोळा करणं, त्यांना स्थिरस्थावर होऊ देणं.

आता तुमचा प्रेक्षक कुठे आहे ते बघा. ऑक्टोबरची छाटणी होऊन महिना झालाय. रात्री अवकाळी पाऊस पडून गेलाय. तो सकाळी सात वाजता बागेत उभा आहे, चिखलात. पानावर तेलकट पिवळे डाग दिसले म्हणून त्याने पान उलटं केलं, तर मागे पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे केवडा रोग. एका हातात ते पान, दुसऱ्या हातात फोन. त्याने ‘द्राक्ष डाऊनी पाऊस फवारणी’ असं काहीतरी टाकलं, तुमचा थंबनेल दिसला, त्याने अंगठा ठेवला. या माणसाला गोळा करायची गरज नाही. तो स्वतःहून, घाईने, एक प्रश्न घेऊन आलाय. आणि तुम्ही त्याच्यापुढे ट्रॅक्टर चालवताय.

थंबनेल आणि शीर्षक यांनी तुमच्या इंट्रोचं काम आधीच केलेलं असतं. त्यांनीच त्याला हाक मारली. ते दोन्ही मिळून एक शब्द देतात, की इथे तुला डाऊनीचं काय करायचं ते कळेल. पहिल्या काही सेकंदांत त्याला एवढंच हवं असतं, की आपण बरोबर ठिकाणी आलोय. ते पान, ते डाग त्याला स्क्रीनवर दिसले की तो थांबतो. लोगो दिसला की त्याला काहीच कळत नाही, आणि खाली दुसरे दहा व्हिडिओ तयारच असतात.

शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मोबाइलवर होम पेज खाली सरकवताना एखाद्या व्हिडिओवर क्षणभर थांबलं की तो तिथल्या तिथे, आवाजाशिवाय चालू होतो. तेव्हा जे दिसतं ते तुमचे पहिले काही सेकंद असतात. तुमच्या बाबतीत ती मुकी उडणारी माती आहे. ढोल-ताशाही ऐकू येत नाही.

सोफ्यावर निवांत बसून मालिका बघणारा माणूससुद्धा इंट्रोला आता थांबत नाही. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये इंट्रो वगळायचं बटण आणलं. २०२२ मध्ये त्यांनीच सांगितलं की ते बटण जगभरात दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. मोठ्या मेहनतीने, मोठ्या पैशात केलेली टायटलं आहेत ती. यूट्यूबनेही २०१३ मध्ये चॅनेलवाल्यांसाठी ब्रँडिंग इंट्रोची सोय दिली होती, एकदा अपलोड करा आणि सगळ्या व्हिडिओंना लागेल अशी. तिची मर्यादा होती ३ सेकंद. ती सोय आता नाही, पण ३ हा आकडा माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्का बसलाय.

तुमच्या बाबतीत खरंच काय होतंय ते मात्र माझ्या शब्दावर घेऊ नका. ते तुमच्या यूट्यूब स्टुडिओत दिसतं. एखादा व्हिडिओ उघडा, ॲनालिटिक्समध्ये जा, ऑडियन्स रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती लोक उरले त्याचा, ग्राफ बघा. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले हे यूट्यूब तिथे वेगळं काढून सांगतं, आणि त्याचं नावच ‘इंट्रो’ आहे. त्याचा तुमच्या ट्रॅक्टरशी संबंध नाही, सुरुवातीच्या भागाला ते तसं म्हणतात. टक्क्यापेक्षा मला रेषेचा आकार जास्त सांगून जातो.

दोन आकार असतात. एक खळगा: रेषा खाली जाते आणि इंट्रो संपल्यासंपल्या पुन्हा वर येते. म्हणजे लोकांनी स्क्रीनवर दोनदा टॅप करून दहा सेकंद पुढे उडी मारली. ते गेले नाहीत, त्यांनी फक्त तुमचा इंट्रो ओलांडला. हे बहुतेक तुमचे जुने, नेहमीचे प्रेक्षक असतात, ज्यांना माहीत आहे की पुढे कामाचं आहे. दुसरा आकार कड्यासारखा: रेषा तुटते आणि पुन्हा वर येतच नाही. ते लोक गेले. नवीन माणूस असाच जातो, कारण पुढे काय आहे हे त्याला माहीत नसतं. मी एका शेतीच्याच चॅनेलचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवून बघितले होते. जे व्हिडिओ मुख्यतः सबस्क्राइबर बघत होते त्यांत खळगा होता, आणि जे सर्चमधून चालत होते त्यांत कडा. इंट्रो तोच. म्हणजे ज्यांना तुमची ओळख करून द्यायची म्हणून इंट्रो ठेवला, तेच त्याच्यामुळे निघून जात होते, आणि जे आधीच ओळखत होते ते त्याच्यावरून उडी मारत होते.

सावधगिरी म्हणून सांगतो, सुरुवातीची थोडी घसरण प्रत्येक व्हिडिओत असते. चुकून टॅप झालेले, वेगळं काही शोधणारे, ते जाणारच. इंट्रो काढला म्हणून रेषा सपाट होईल असं समजू नका. बघायचं ते एवढंच, की घसरण इंट्रोच्या सेकंदांशी जुळते का.

‘इंट्रोमुळे वॉच टाइम (लोकांनी व्हिडिओ बघितल्याचा एकूण वेळ) वाढतो’ असंही बरेच जण सांगतात, विशेषतः जाहिरातींचे पैसे सुरू होण्यासाठीची ४,००० तासांची अट पूर्ण करायची घाई असलेले. हिशेब करून बघू. समजा १,००० लोकांनी व्हिडिओ उघडला. १५ सेकंदांच्या इंट्रोमुळे त्यातले १०० गेले. उरलेल्या ९०० जणांनी तो पूर्ण बघितला असं धरलं तरी ९०० गुणिले १५ सेकंद म्हणजे २२५ मिनिटं मिळाली. आता गेलेले १०० जण थांबले असते आणि सरासरी ३ मिनिटं बघत राहिले असते, तर ती ३०० मिनिटं होती. कमावलं त्यापेक्षा जास्त घालवलं, तेही उडी मारणारे हिशेबात न धरता. ८ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधल्या जाहिराती लावता येतात म्हणून साडेसात मिनिटांचा व्हिडिओ इंट्रो लावून ओढत नेणारेही मी बघितलेत. त्यापेक्षा त्या अर्ध्या मिनिटात फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच) कसा तपासायचा ते दाखवा. लोक दोनदा बघतील.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जे मला तुमच्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त खटकतं, ते सांगतो. तोंडी इंट्रो. ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, कसे आहात सगळे, मजेत ना? तर आपल्या चॅनेलवर आपलं पुन्हा एकदा मनःपूर्वक स्वागत आहे. आज आपण एका अतिशय महत्त्वाच्या विषयावर माहिती घेणार आहोत, तर व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की बघा, आणि चॅनेलवर नवीन असाल तर चॅनेलला सबस्क्राइब करा, शेजारच्या बेल आयकॉनवर क्लिक करा…’ घड्याळ लावून म्हणून बघा, २० ते २५ सेकंद जातात. ॲनिमेशन काढून टाकलं आणि हे ठेवलं तर काहीही बदलणार नाही. किती तरी लोक मला विचारतात की इंट्रो काढला तरी फरक पडला नाही, आणि व्हिडिओ उघडला की हे पाठ केलेलं आवर्तन सुरू होतं.

नमस्कार करू नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडे माणूस भेटला की आधी ‘राम राम’ होतो, त्याशिवाय बोलणं उद्धट वाटतं, आणि ती आपुलकी मराठी चॅनेलांनी सोडू नये असं मला मनापासून वाटतं. पण ‘राम राम, काल रात्री पाऊस झाला आणि आज पानामागे हे असं पांढरं दिसतंय’ हे पाच सेकंदांत होतं. नमस्कारही झाला, विषयही आला, आणि हातातलं पान कॅमेऱ्यापुढे आलं. सबस्क्राइबची विनंती मधे करा, जिथे तुम्ही त्याला काहीतरी उपयोगाचं नुकतंच देऊन झालंय तिथे. घरी आलेल्या माणसाला चहा दिल्यावर कुणी काही मागितलं तर तो आनंदाने देतो.

मग ओळखीचं काय? इथे मला तुमची बाजू घ्यायची आहे, कारण ‘इंट्रो काढा’ म्हणणारे बरेच जण इथेच थांबतात आणि मग सगळी चॅनेलं एकसारखी दिसायला लागतात.

सांगली भागातल्या एका काकूंचं रेसिपीचं चॅनेल माझ्याकडे होतं. त्यांच्या इंट्रोत एक थ्रीडी ताट गोल फिरायचं, वाट्या उडत येऊन त्यात बसायच्या, शेवटी सोनेरी अक्षरांत नाव. तयार टेम्प्लेट होतं, तेच ताट मी आणखी दोन-तीन चॅनेलांवर बघितलं होतं. म्हणजे जी गोष्ट ओळख म्हणून लावली, ती त्यांची नव्हतीच. मी त्यांच्या घरी शूटिंगला गेलो तेव्हा लक्षात आलं की त्या फोडणी लोखंडी पळीत करतात, आईची पळी, दांडा थोडा वाकलेला. तेल तापलं की मोहरी टाकायच्या, ती तडतडली की हिंग, कढीपत्ता, आणि पळी तशीच आमटीत बुडवायच्या. चर्र असा आवाज व्हायचा आणि वाफ वर यायची. आम्ही माइक पळीजवळ धरून तो आवाज नीट घेतला. पुढे प्रत्येक व्हिडिओत काकू आधी एका वाक्यात सांगायच्या आज काय करतोय, मग ती पळी, चर्र, वाफेवर नाव, आणि लगेच साहित्य. सगळं मिळून अडीच सेकंद. काही महिन्यांनी प्रतिक्रियांमध्ये लोक त्या पळीबद्दल विचारायला लागले, कुठे मिळेल म्हणून. ताटाबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्याकडे असं काय आहे ते शोधा. छाटणीच्या कात्रीचा कट्ट आवाज? फवारणीचा ब्लोअर सुरू होतानाचा? तुमच्या बागेतली एखादी ठरलेली जागा, जिथे तुम्ही नेहमी उभे राहता? तुमची टोपी? पहिल्या वाक्यानंतर कात्रीचा एक कट्ट, त्यावर नाव, दोन सेकंद, संपलं. आणि तुमचं स्वतःचं नाव, गाव, किती वर्षांची बाग आहे, ही माहिती तुम्ही बोलत असतानाच खाली पट्टीवर येऊ द्या. त्यासाठी बोलणं थांबवायची गरज नाही. शेतकऱ्याला चॅनेलचा लोगो लक्षात राहत नाही, ‘ते तासगावचे, टोपीवाले, ज्यांनी डाऊनीचं सांगितलं होतं’ असं लक्षात राहतं.

आवाजाबद्दल एक तांत्रिक गोष्ट. विकत घेतलेले इंट्रो फार मोठ्या आवाजात असतात, आणि शेतात कॉलर माइकवर घेतलेलं बोलणं त्यापुढे बारीक. बघणारा ढोल-ताशाला दचकून आवाज कमी करतो, मग तुमचं बोलणं ऐकू येईना म्हणून पुन्हा वाढवतो. यूट्यूब पूर्ण व्हिडिओचा आवाज मोजून साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) वर असेल तर खाली आणतं, पण तुमच्याच व्हिडिओतल्या दोन भागांमधला फरक ते मिटवेल यावर विसंबू नका. स्टिंग, म्हणजे ओळखीचा तो दोन सेकंदांचा तुकडा, छोटा असला तरी त्याची पातळी बोलण्याइतकीच ठेवा, किंचित खाली असली तरी चालेल.

दुसरं, त्या ढोल-ताशाचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते इंट्रो करणाऱ्याला विचारा, आणि लेखी घ्या. इंट्रोतलं संगीत प्रत्येक व्हिडिओत जातं. उद्या त्यावर कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप होणाऱ्या कॉपीराइट तपासणीतला, दावा आला तर तो एका व्हिडिओवर नाही, चाळीसच्या चाळीस व्हिडिओंवर येईल. माझ्या ओळखीच्या एका ट्रेकिंग चॅनेलवाल्याचं हे झालंय. त्याला दीड वर्षाच्या कामातून तो तुकडा एकेक करून काढावा लागला. कात्रीचा आवाज तुमचा स्वतःचा असतो, त्यावर कुणी दावा करणार नाही.

लांब इंट्रो कुठे शोभतो? लहान मुलांच्या गाण्या-गोष्टींच्या चॅनेलवर. मुलांना तेच गाणं पुन्हा पुन्हा हवं असतं, ते सुरू झालं की ती नाचायला लागतात, आणि तिथे इंट्रो हा कार्यक्रमाचाच भाग आहे. वेब सिरीजमध्ये, जिथे कथेचा मूड बांधायचा असतो आणि कलाकारांची नावं द्यायची असतात. कीर्तन, प्रवचन, जे लोक संध्याकाळी टीव्हीवर लावून बसतात. तिथेही मी १० सेकंदांच्या पुढे जात नाही, आणि आधी कथेचा एखादा तुकडा ठेवतो. शॉर्ट्समध्ये मात्र काहीही नको, अर्धा सेकंदसुद्धा नाही. आणि कुणी व्हिडिओ चोरून दुसरीकडे टाकू नये म्हणून इंट्रो लावत असाल तर त्याचा उपयोग नाही. चोरणारा पहिले १५ सेकंद कापतो, त्याला एक मिनिट लागतं. कोपऱ्यात सतत दिसणारं नाव त्यापेक्षा बरं.

एवढं सांगूनही मन मानत नसेल तर करून बघा. थंबनेलसारखी इंट्रोची आपोआप तुलना करायची सोय यूट्यूबवर नाही, त्यामुळे हातानेच करावी लागेल. पुढचे पाच व्हिडिओ इंट्रोसह आणि पाच नव्या पद्धतीने, आलटून पालटून टाका. सलग पाच-पाच नको, कारण छाटणीच्या हंगामात सगळंच जास्त चालतं आणि मग फरक कशामुळे पडला ते कळत नाही. विषय आणि लांबी साधारण सारखी ठेवा. प्रत्येकाचा ३० सेकंदांचा आकडा एका वहीत लिहा. दहा व्हिडिओंतून शास्त्रीय पुरावा मिळत नाही, पण फरक मोठा असेल तर दिसतोच.

जुन्या व्हिडिओंमधलाही इंट्रो काढता येतो. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ट्रिम करून सेव्ह केलं की लिंक, व्ह्यूज, प्रतिक्रिया सगळं तसंच राहतं. फक्त प्रक्रियेला वेळ लागतो, आणि चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये (यूट्यूबकडून पैसे मिळणाऱ्या चॅनेलांत) नसेल तर १ लाखाच्या वर व्ह्यूज गेलेल्या व्हिडिओत असा बदल सेव्ह होत नाही. सगळ्या चाळीसला हात लावू नका. सर्चमधून सगळ्यात जास्त चालणारे चार-पाच निवडा, ज्यांच्या ग्राफमध्ये कडा दिसतोय ते. वर्णनात चॅप्टरच्या वेळा लिहिल्या असतील तर पहिली ०:०० तशीच ठेवून बाकीच्या १५ सेकंदांनी मागे आणा, आणि शेवटची एंड स्क्रीन (पुढचे व्हिडिओ सुचवणाऱ्या चौकटी) जागेवर आहे का ते बघा. हे दोन्ही हमखास विसरतं.

आणि ट्रॅक्टर फेकून देऊ नका. तुम्ही महिन्यातून एकदा लाइव्ह येता असं लिहिलंय. लाइव्हला पहिली दोन-तीन मिनिटं माणसं खरोखरच गोळा होत असतात, कुणी चहा घेऊन बसतंय, कुणी शेजाऱ्याला फोन करून सांगतंय. तिथे तो १५ सेकंदांचा इंट्रो लावा, ढोल-ताशासकट, हवा तर दोनदा.